रक्त नाय आलं

छापील शब्दावर माझ्या मैत्रिणीच्या वडिलांइतका विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या पनवेल तालुक्यात शोधून सापडायचा नाही. पत्रिकेत मुहूर्त बारा पाचचा असला, की काका बाराला अक्षता मुठीत धरून मांडवात उभे. तेव्हा नवरदेव अजून दाढी करत असायचा. तारीख उलटलेला बिस्किटाचा पुडा ते कुत्र्यालाही घालत नसत. त्यानं काय पाप केलंय, असं विचारायचे. त्यांची भातखाचरं कंटेनरच्या यार्डाखाली गेली, तरी खाडीचा उरलेला बांध ते रोज सकाळी टाचेनं ठोकून बघत, आणि चालता चालता बोटानं दातांना मशेरी, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, घासत.

अशा माणसाच्या हातात मी आमच्या दंततपासणी शिबिराचं पत्रक दिलं. मीच लिहिलेलं. 'हिरड्यांतून रक्त येतं? ताबडतोब दवाखाना गाठा!' काकांनी ते मोरीच्या भिंतीला चिकटवलं आणि दोन वर्षं रोज चूळ भरून पांढऱ्या वाटीत थुंकून पाहिलं. मी दिसले की लांबूनच सांगायचे, "नाय आलं गं बाय." आणि मी, शहाणी, त्यांना शाबासकी द्यायचे.

मग एके दिवशी भाकरी चावताना दात हातात आला. अख्खा, कुठे कीड नाही. मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडावर धरला. दातांभोवतीचं हाड सगळीकडे सारखंच खाली गेलेलं, आणि एका दाढेच्या कडेला खोल, उभा खड्डा. त्या समजावून सांगणार, तेवढ्यात काकाच म्हणाले, "बांद हाय हा. सगला खचलाय. आन हितं खेकड्यानं भोक पाडलंय."

बाई म्हणाल्या, अगदी तसंच. तंबाखूनं हिरडीतलं रक्त आटतं, म्हणून आत हाड जात असताना वर काही दिसत नाही. आता बाकीचे दातही फार दिवस टिकायचे नाहीत.

मशेरीच्या डबीवर 'दात बळकट' छापून विकणारे उजळ माथ्यानं फिरतात, त्यांना मी सोडणार नाहीच. पण माझ्या पत्रकात मशेरीचं नावसुद्धा नव्हतं. मी काकांची माफी मागितली. ते म्हणाले, "कागूद खोटा नव्हता. अर्दा व्हता."

पूर्वी त्यांचं हसू बांधापर्यंत ऐकू जायचं. हल्ली ते तोंडावर हात धरून हसतात. मशेरी सुटली आहे, दात तीनच उरलेत. परवा नवं पत्रक छापायला टाकण्याआधी त्यांना वाचून दाखवायला गेले. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं, कुठे काही राहिलं नाही ना, एवढंच विचारलं. मी हात धुवायला मोरीत गेले. जुनं पत्रक तिथेच होतं, आणि त्याच्या शेजारची भिंत त्यांनी नव्यासाठी आधीच पुसून ठेवली होती.