पाखरू कोरलेला पेला

अकरावीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात मी काचेवर नक्षी करायला शिकले. आमच्या शाळेतल्या शिवणाच्या बाई सुट्टीत घरी चार-पाच मुलींना शिकवायच्या. पेल्याला बाहेरून मेणाचा थर द्यायचा, तो गार झाला की सुईनं त्यात चित्र कोरायचं, खालची काच उघडी पडेपर्यंत. पुढचं काम बाईंचं. रबरी मोजे घालून, आम्हाला लांब उभं करून, त्या उघड्या काचेवर कापसाच्या बोळ्यानं अ‍ॅसिड लावायच्या. ते काच खातं, म्हणून प्लास्टिकच्या जाड बाटलीत ठेवलेलं असे, आणि ती बाटली त्यांनी कधी कुणाच्या हाती दिली नाही. नंतर भरपूर पाण्यानं धुऊन, गरम पाण्यात मेण सोडवलं की काचेवर सायीसारखी पांढरी नक्षी दिसायची.

वडील गेल्यापासून मी आणि माझी आई काकांच्या घरी राहत होतो. आईला मी अव्वा म्हणायचे. काकांची मुलगी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, तिला अक्का. आम्ही एका अंथरुणावर झोपायचो, एकमेकींच्या वेण्या घालायचो. बाईंकडे ती आली नाही, उन्हात चालायचा तिला कंटाळा. पण घरी आले की विचारायची, "आज काय केलंस? दाखव की."

तिच्यासाठीच मी काचेचा एक जग आणि सहा पेले करायचं ठरवलं, तिच्या लग्नात द्यायला. नक्षी माझी मीच कागदावर काढली: ज्वारीचं कणीस आणि त्याचं वळलेलं लांब पान. प्रत्येक पेल्यावर पान वेगळ्या बाजूला झुकलेलं. शेवटच्या पेल्यावर कोरताना कणसाच्या शेंड्याजवळ मेणाचा टवका उडाला. पुन्हा मेण लावायचं तर सगळं पुसून पहिल्यापासून करावं लागलं असतं. मी त्या टवक्यालाच चोच काढली, शेपटी काढली, आणि कणसावर दाणे टिपणारं पाखरू बसवलं. घरी येऊन हे मी फक्त अव्वाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हसून म्हणाली, "लई डोकं चालतं तुझं."

लग्न ठरायची वाट अक्कानं पाहिली नाही. "आत्ताच दे की गं," म्हणाली, आणि मी दिले. तिनं पेला उजेडात धरून फिरवला, मला मिठी मारली. तो दिवस मला अजून आवडतो, हे खरं आहे.

श्रावण संपता संपता वैरागचे पाहुणे अक्काला बघायला आले. आडत दुकान असलेलं, आमच्याच लिंगायत समाजातलं घर. धाकटी मुलगी समोर नको म्हणून काकूनं मला स्वयंपाकघरात बसवलं. मी लिंबं पिळली, सरबत त्या जगात भरलं. बाहेर पेल्यांतून ते दिलं गेलं तेव्हा मी पडद्यामागे उभी होते.

मुलाच्या आईनं पेला हातात घेऊन विचारलं, "हे कुणी केलं म्हणायचं?"

"आमच्या मुलीनंच," काकू म्हणाली.

मला वाटलं, मीही त्यांची मुलगीच, माझ्याबद्दलच म्हणतेय. तेवढ्यात त्या बाई अक्काकडे वळल्या. "कसं करतीस गं हे?"

अक्का सांगू लागली. मेण लावायचं, सुईनं कोरायचं, हात हलू द्यायचा नाही. शब्द सगळे माझे होते. मी अंथरुणात पडल्या पडल्या तिला सांगितलेले.

"आणि पाखरू एकाच पेल्यावर का?"

हे मात्र अक्काला ठाऊक नव्हतं. पाहुणे वाट बघत होते. आणि मग अव्वाचा आवाज आला, अगदी सहज.

"तिथं मेणाचा टवका उडाला होता. मग हिनं तिथं पाखरू बसवलं. लई डोकं चालतं पोरीचं."

सगळे हसले. माझ्या हातातली चमचा-बशी वाजली, तशी अव्वा आत आली. माझ्याकडे बघून तिनं ओठावर बोट ठेवलं. "सुम्मनिरु," म्हणाली. गप्प बस. आम्ही घरात कानडी बोलायचो, पण त्या दिवशी तो शब्द मला परक्यानं दटावल्यासारखा लागला.

पाहुणे गेल्यावर मी अक्काला विचारलं. ती आरशासमोर फुलं काढत होती. "तू मलाच दिलेस ना? मग माझेच झाले की," म्हणाली. तिला खरंच त्यात काही वावगं दिसत नव्हतं. अव्वा म्हणाली, "आपण कुणाच्या घरात राहतोय ते विसरू नको. एका पोरीचं चांगलं होतंय, तुझं काय गेलं?"

लग्न ठरलं. आता काकूला रुखवतात काचेच्या वस्तू मांडायच्या होत्या, कारण सासरच्यांनी मुलीचं कौतुक गावभर केलं होतं. ती मला म्हणाली, "चार बशा आणि एक फुलदाणी करून दे."

"करते," मी म्हणाले. "अक्कानं एकदा त्यांना सांगू दे, की पेले मी केलेत."

काकू उठून गेली. पुन्हा कुणी विचारलं नाही. मला वाटलं, विषय संपला.

लग्नाच्या दिवशी रुखवताच्या टेबलावर चार बशा होत्या, फुलदाणी होती, आणि पुढे पाटी, ‘वधूच्या हातची कला’. बशांवर ज्वारीची कणसं होती. पान नेमकं तसंच वळलेलं. बायका वाकून वाकून बघत होत्या. मी घाम पुसत तिथंच उभी राहिले. शिवणाच्या बाई जेवायला आल्या होत्या, त्यांना गाठलं.

त्या गोंधळल्या. "अगं, तुझी आईच तुझे कागद घेऊन आली होती. म्हणाली, बारावीच्या अभ्यासामुळं तुला जमत नाहीये, तूच पाठवलंस. मी रात्रंदिवस बसून करून दिलं. तुला माहीत नव्हतं?"

"होतं," मी म्हणाले.

कागद माझ्या ट्रंकेत, कपड्यांच्या तळाशी होते. घरी येऊन पाहिलं तर ते पुन्हा जागच्या जागी, नीट घडी घालून ठेवलेले. अव्वानं घडीसुद्धा मोडू दिली नव्हती. तिनं चोरून नेले याचा राग आलाच, पण इतक्या काळजीनं परत ठेवले, याचं काय करायचं ते मला कळेना. मी तिला काही विचारलं नाही, आणि तिनंही काही सांगितलं नाही.

अक्का पहिल्या बाळंतपणाला आली तेव्हा हसत म्हणाली, "सासूबाई विचारतात, हल्ली का करत नाहीस? मी सांगितलं, अ‍ॅसिडनं डोळे चुरचुरतात." मीही हसेन असं तिला वाटलं होतं. मी बाळाचे लंगोट धुवायला नळावर गेले.

बाईंकडे मी पुन्हा गेले नाही. डी.एड. केलं. माढ्याच्या शाळेत नेमणूक झाली ती बातमी अव्वाला शेजारणीकडून कळली. मी सामान बांधत होते. ती दारात येऊन उभी राहिली. डोळे भरलेले.

"मला का नाही सांगितलंस गं?"

"राहून गेलं," मी म्हणाले.

ती माझ्यासोबत माढ्याला आली. शेवटपर्यंत माझ्याकडेच राहिली. तिचं औषधपाणी, पथ्य, देवाचं सगळं मी केलं, मनापासून केलं. ती संध्याकाळी ओट्यावर बसून विचारायची, "आज शाळेत काय झालं?" आणि मी रोज म्हणायचे, "काही नाही, नेहमीचंच."