सावरघाटचा वार्ताहर मुखरू

मुखरू उंदीरवाडे हे नाव पेपरात कधीच छापून आलं नाही. त्याच्या बातमीवर 'आमच्या वार्ताहराकडून' एवढंच असायचं, आणि तेवढ्यावर तो असा खूश असायचा की पेपर त्याच्याच मालकीचा वाटावा. सावरघाटच्या थांब्यासमोर त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. एका कोपऱ्यात पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलं, दुसऱ्यात पेपरचा गठ्ठा, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. मी चंद्रपूरहून गोंडपिपरी, आष्टी करत सावरघाटला जाणारी एस.टी. चालवायचो. येताना त्याचे पेपर आणायचो, जाताना त्याची बातमी न्यायचो. कागद खाकी पाकिटात घालून तो माझ्या केबिनमध्ये टाकायचा आणि चंद्रपूरच्या डेपोत पेपरचा माणूस येऊन ते घेऊन जायचा. जिल्ह्यातल्या बातम्या तेव्हा अशाच ड्रायव्हरच्या शेजारी बसून प्रवास करायच्या.

माणूस डोकं खाणारा. चहा प्यायला बसलं की पेपर वाचून दाखवणार आणि वर विचारणार, भाऊ, तुमचं काय म्हणणं? माझं म्हणणं एवढंच असायचं की मला गाडी वेळेवर काढू दे. पण खोटं बोलायचा नाही आणि दारूच्या थेंबाला शिवायचा नाही. त्याचा बाप जंगलातल्या लाकूड डेपोवर मजूर होता. मुखरूचं सगळं लहानपण गोंडांच्या गावांत गेलं, त्यामुळे गोंडी त्याला घरच्या भाषेसारखी यायची. हे गोंडी येणंच त्याला भोवलं.

पंच्याऐंशी साली विधानसभेची निवडणूक लागली. त्या वर्षी सगळ्याच पक्षांना जंगलातल्या माणसांचा एकदम उमाळा आला होता. एकाच्या जाहीरनाम्यात वनजमिनीचे पट्टे, दुसऱ्याच्या जाहीरनाम्यात पट्टे आणि वर विहीर. मुखरू दोन्ही जाहीरनामे बाकावर मांडून तुलना करायचा. मी म्हणायचो, दोन्ही पंक्चर आहेत, हवा भरून बघ. तो चिडायचा. छापलेल्या शब्दाला किंमत असते असं त्याला मनापासून वाटायचं.

त्यातल्या एका पक्षाचे उमेदवार चंद्रपूरचे वकीलसाहेब. फेब्रुवारीत ते करमेटोल्याला गेले. करमेटोला म्हणजे सावरघाटपासून आत जंगलात, डोंगराच्या पायथ्याला वसलेलं गोंडांचं गाव. भाषण गोंडीत सांगायला मुखरूला नेलं आणि फोटोला गुलाब फोटोवाला. गावच्या गोटुलात, म्हणजे जिथे गाव निवाड्याला बसतं त्या मांडवात, सगळे जमले. वकीलसाहेबांनी जाहीरनाम्यातलं सांगितलं: डोंगराची उतरण करमेटोल्याची, ती जमीन तुम्ही कसा, पट्टा आमचा पक्ष देईल. मुखरूने ते जसंच्या तसं गोंडीत सांगितलं. मग म्हातारा पोचू उठला. तो गावचा गायता, म्हणजे मातीची पूजा करणारा. त्याने पानाच्या दोन्यात मोहाची दारू भरून साहेबांच्या हातात दिली.

तिकडची रीत अशी की, शब्द द्यायचा तर दोन्यातली धार मातीवर सोडायची. मातीने शब्द ऐकला की तो झाला. मुखरूने साहेबांच्या कानात हे सगळं सांगितलं. साहेब हसले आणि त्यांनी धार सोडली. गुलाबचा फ्लॅश पेटला नाही. तो म्हणाला, साहेब, अजून एकदा. साहेबांनी पुन्हा दोना भरून घेतला, कॅमेऱ्याकडे तोंड केलं आणि पुन्हा धार सोडली. करमेटोल्यात अख्ख्या हयातीत कुणी एका शब्दाला दोनदा धार सोडली नव्हती. लोक भारावून गेले. मग पोचूने गावाच्या वतीने धार सोडली, की आमचं सगळं मत तुम्हाला. दुसऱ्या दिवशी फोटो पहिल्या पानावर आला, अर्धं पान. मुखरू तो घेऊन गावागावांत हिंडला.

आणि करमेटोल्याने कुऱ्हाडी काढल्या. पट्टा, कागद, तहसील, कशाचीही वाट न बघता डोंगराची उतरण साफ करायला सुरुवात केली. मुखरूला कळलं तेव्हा तो सायकल हाणत गेला आणि पोचूला म्हणाला, अजून सरकार बसलं नाही, कागद येऊ दे. पोचू त्यालाच हसला. शब्द झाल्यावर देणाऱ्याला पुन्हा विचारायला जाणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं, आणि या माणसाने तर दोनदा दिलाय, असं त्याचं म्हणणं. मुखरू दोन दिवस त्यांच्या मागे लागला. कुणी ऐकलं नाही.

ट्रक आले ते भर दुपारी. वनरक्षक पुढे, पोलिस मागे. मुखरू तेव्हा तिथेच होता. पोचू हसत त्यांना सामोरा गेला, हातातली कुऱ्हाड खाली ठेवून, कारण पाहुण्यांसमोर लोखंड धरायचं नसतं. तो सांगत होता की साहेबांनी शब्द दिलाय. पहिली काठी त्याच्या तोंडावर बसली. मग काठ्याच काठ्या. झिंगू नावाचा त्याचा पुतण्या मध्ये पडला, त्याचा हात कोपरातून उलटा मोडला. बायांना केसांना धरून ओढत झाडीतून खाली आणलं. गावात शिरून मडकी फोडली, धानाच्या कणग्या उलटवल्या, दोन झोपड्यांना काडी लावली. पोचू पडला होता तरी एक जण बंदुकीचा दस्ता त्याच्या छातीवर मारत राहिला, मुसळाने कांडल्यासारखा. त्याची बायको सोमारी त्याच्या अंगावर पडली, तर तिच्या पाठीवर मारलं. मुखरूने 'मी पेपरवाला आहे' म्हणून ओरडून पाहिलं. त्याचे दोन दात तिथेच गेले.

पोचूला खाटेवर घालून सावरघाटला आणलं. माझी गाडी सुटायच्या बेतात होती. एका गृहस्थाने नाक मुरडलं की रक्ताने सीट खराब होईल. मी त्याला कॉलरला धरून खाली उतरवलं, त्याची पेटी खिडकीतून फेकली आणि गाडी काढली. आयुष्यात तेवढी जोरात एस.टी. मी कधी चालवली नाही. आष्टी यायच्या आत मागून सोमारीचं रडणं ऐकू आलं. गाडी थांबवून गेलो. पोचूच्या तोंडातून फेस आणि रक्त आलं होतं आणि त्याचे डोळे उघडे होते. ते मुखरूने मिटले. मग तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि गुडघ्यावर कागद ठेवून लिहायला लागला. मला म्हणाला, "भाऊ, हे छापून आलंच पाह्यजे. त्यानं शब्द देल्ला, मनून बुढा मेला. बस, येवढंच."

छापून आलं ते असं: 'सशस्त्र जमावाचा वनकर्मचाऱ्यांवर हल्ला. चेंगराचेंगरीत वृद्धाचा मृत्यू.' वर 'आमच्या वार्ताहराकडून'. मुखरू माझ्याच गाडीने चंद्रपूरला गेला आणि संपादकांपुढे उभा राहिला. त्यांनी त्याला चहा पाजला आणि शेवटचं पान उलटून दाखवलं. पूर्ण पानभर वकीलसाहेबांची जाहिरात होती, त्यात धार सोडतानाचा तोच फोटो. निवडणूक होईपर्यंत दम धर, असं त्यांनी समजावलं. विरोधी पक्षाला तर पोचूचं मढं म्हणजे घबाडच वाटलं. झेंडे घेऊन आले, सोमारीला मध्ये बसवून फोटो काढले, आणि तिने त्यांच्यासाठी मत मागायला नकार दिल्यावर पुन्हा फिरकले नाहीत. हे सगळं आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

मुखरूला करमेटोल्यातल्या कुणी दोष दिला नाही. पण शब्द त्याच्या तोंडून गावात आला होता, तेव्हा त्याचा जाब आणून देणं त्याच्याच अंगावर होतं. मतदानाच्या आठवड्यात सावरघाटच्या बाजारात वकीलसाहेबांची सभा झाली. बाजाराचं मैदान थांब्याला लागूनच. रस्ता अडवल्यामुळे माझी गाडी उभीच होती, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. पुढच्या खुर्च्यांवर पेपरवाले, त्यांच्या बाजूला गुलाब. मागे बाजाराच्या कडेला करमेटोल्याची माणसं, झिंगूचा हात गळ्यात बांधलेला. भाषण रंगात आलं आणि मुखरू थेट मंचासमोर जाऊन उभा राहिला.

"साहेब, एकच सांगा," तो म्हणाला. "करमेटोल्यात मातीवर शब्द देल्ला का नाई?"

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. ज्याच्या खांद्यावर हात ठेवून ते गोटुलात बसले होते तोच हा. मग त्यांनी माईक जवळ ओढला आणि विचारलं की हा माणूस कोण, विरोधकांनी पाजून पाठवलेला दिसतो. लोक हसले. तेवढा इशारा कार्यकर्त्यांना पुरला. झेंड्यांचे बांबू उपसून त्यांनी मुखरूला मंचासमोरच खाली घेतलं. तो उठायचा, तोंड उघडायचा, की तोंडावर बांबू. जबडा मोडल्याचा आवाज मला गाडीत ऐकू आला असं मी अजून सांगतो, आणि लोक म्हणतात शक्य नाही. गुलाबने कॅमेऱ्यावर झाकण लावलं. पेपरवाल्यांनी पेनं खिशात घातली. माझ्याच्याने बघवलं नाही. गाडीतली टॉमी, म्हणजे चाक खोलायची लोखंडी पहार, घेऊन मी घुसलो, एकाच्या नडगीवर हाणली, दुसऱ्याच्या खांद्यावर, आणि मुखरूला काखेत धरून ओढत गाडीत आणला. माझं डोकं फुटलं आणि पुढे नोकरीत चौकशी बसली, ते वेगळं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात सभा अभूतपूर्व झाली होती. मुखरूबद्दल एक ओळ नव्हती.

मतदानाच्या दिवशी चौकशीतल्या ड्रायव्हरचीही गाडी सरकारला चालली. केंद्रावरची माणसं आणून मी सावरघाटच्या शाळेपाशी उभा होतो. जबडा फडक्याने बांधलेला मुखरू माझ्या शेजारी बसला होता. करमेटोला आज फिरकणार नाही अशी आमची दोघांची खात्री. तर उन्हं चढायच्या आत अख्खं गाव एका रांगेत जंगलातून आलं. लंगडणारे, पट्ट्या बांधलेले, झिंगू, आणि सगळ्यात पुढे सोमारी. आत गेले, शिक्का मारून बाहेर आले. कुणाला मारला ते लपवायचंही त्यांच्या मनात नव्हतं. वकीलसाहेबांनाच.

मुखरूला बोलता येत नव्हतं. मलाच राहवलं नाही. मी खेकसून विचारलं, "बाई, ज्याच्यापायी तुहा माणूस मेला त्यालेच मत देल्लं?"

ती शांतपणे म्हणाली, "त्यानं त्याचा शब्द मोडला. माह्या बुढ्यानं गावाचा शब्द देल्ला होता. बुढा गेला, मनून शब्द कुठी जाते?"

मुखरूने सोमारीचं बोलणं, पोचूचं मरण, दोन धारा, सगळं पुन्हा एकदा लिहून काढलं, आणि निवडणूक झालीच आहे तर आता तरी छापा, असं वर लिहिलं. मीच ते नेऊन दिलं. वकीलसाहेब निवडून आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते छापून आलं. मथळा होता 'आदिवासींची अढळ निष्ठा', खाली हार घातलेले साहेब, आणि मजकुरात एवढंच की करमेटोल्याचे गायता पोचू यांनी साहेबांना दिलेला शब्द गावाने शंभर टक्के पाळला. पुढे मुखरूने पेपरची एजन्सी सोडली, सायकली तेवढ्या दुरुस्त करत राहिला आणि जबडा वाकडाच राहिल्यामुळे मरेपर्यंत पातळ भातावर जगला.

पण त्या दिवशी तो पेपर घेऊन करमेटोल्याला निघाला. सायकल मी चालवली, तो मागे बसला. सोमारी मोहाची फुलं वेचत होती. जबड्याचं फडकं सैल करून मोडक्या तोंडाने मुखरूने तिला अख्खी बातमी वाचून दाखवली आणि गोंडीत सांगितली. ती वेचता वेचताच ऐकत होती.

"बुढा कसा मेला ते लिवलं हाये का?" तिने विचारलं.

"नाई."

"मेला, येवढं तरी?"

मुखरूला ती बातमी पाठ होती. तरी त्याने पेपर डोळ्यांजवळ धरून वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिला.

"नाई बाई," तो म्हणाला. "याच्यात तुहा बुढा अजून जित्ता हाये."

सोमारीने टोपली उचलली आणि ती पुढच्या झाडाकडे गेली.