बचिंत कौरची ओंजळ

आमच्या बीजींचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, नाव बचिंत कौर. बचिंत म्हणजे निश्चिंत. हे नाव ठेवणाऱ्यानं त्यांना नीट पाहिलंच नसावं, कारण म्हैस दोन मिनिटं उशिरा पान्हवली तरी यांचा जीव टांगणीला लागतो. मी सून होऊन पंजाबातल्या मोग्याजवळच्या या गावात आले, तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी मला परातीपुढे बसवलं.

"रमनीक, ही कणीक मळलीस की सिमेंट कालवलंस?"

बोलायचा त्यांना हक्कच होता. गुरुद्वाऱ्याच्या लंगरसाठी तीस वर्षं त्या कणीक मळत होत्या. सणाला दोन-दोन पोती पीठ त्यांच्या हाताखालून जायचं आणि रोटी अशी मऊ, की दात नसलेले म्हातारेही चौथी मागायचे.

अशा बाईच्या अंगात रक्त म्हणून ठरेना. लोहाच्या गोळ्या झाल्या, बीट झालं, गूळ-चणे झाले. पोट फुगायचं, केस गळायचे, दोन जिने चढल्या की धाप लागायची. शेजारणींनी दृष्ट काढली. शेवटी मी भांडून त्यांना लुधियान्याला नेलं. तिथे रक्त तपासलं, नळी घालून आतड्याचा कण काढला, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "गहू बंद. जन्मभर."

बीजी हसल्याच. "माझा जन्म गव्हाच्या खळ्यावरचा आहे, डॉक्टरसाहिबा. मला गहू बाधेल?"

बाई मोठ्या सोशिक. म्हणाल्या, "नुसता गहू नाही, बीजी. गव्हात एक प्रथिन असतं. ते पचून त्याचे तुकडे आतड्याच्या भिंतीत पोचले, की तुमच्याच शरीरातला एक कारागीर त्यांच्यात बारीकसा बदल करतो. त्या बदलामुळे तुमचे पहारेकरी त्यांना शत्रू समजतात."

बीजींनी विचारलं, "म्हणजे माझा भाचा जसवीर कॅनडातून केस कापून, दाढी काढून आला, तेव्हा घरचंच कुत्रं त्याच्या अंगावर धावलं, तसं?"

"अगदी तसं! फक्त हे कुत्रं दाढी काढणाऱ्या न्हाव्यालाही चावतं. आणि त्या झटापटीत तुमच्याच घराची भिंत पडते."

"मग न्हाव्याला हाकला की."

"तो घरचाच आहे, त्याला बाकी पुष्कळ कामं आहेत. त्या पोरालाच घरात घ्यायचं नाही."

बीजींनी हे मनावर घेतलं. लंगरात पीठ सोडून त्या भाजी चिरायला बसू लागल्या. घरी त्यांचा तवा वेगळा, डबे वेगळे. मका आणि बाजरीच्या रोट्या त्या तोंड वाकडं करून खायच्या. "आता म्हशीची पेंडच काय ती खायची राहिलीय," असं मला ऐकू जाईल इतपत पुटपुटायच्या.

आठ महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. रक्तातली लढाई जवळजवळ तशीच चालू होती. बाई या वेळी हसल्या नाहीत. "कुठून तरी गहू पोटात जातोय. भिंत भरून आली नाही, तर पुढे कॅन्सरचाही धोका असतो."

"गव्हाचा कण तोंडात गेला असेल तर जीभ झडो माझी," बीजी म्हणाल्या.

बसमध्ये मी रागानं त्यांच्याकडे पाठ करून बसले. घरी येऊन सगळे डबे पालथे घातले, तवा राखेनं घासला. काही सापडेना. मग एका पहाटे झोप मोडून त्यांच्यामागे गुरुद्वाऱ्यात गेले. बीजींनी डोकं टेकलं, ओंजळ पुढे केली, तुपानं निथळणारा प्रसादाचा गोळा माथ्याला लावला आणि तोंडात टाकला.

बाहेर जोडे ठेवतात तिथे मी त्यांना गाठलं. "हे काय होतं, बीजी?"

"प्रसाद."

"कशाचा केलेला?"

"गुरूच्या घरचा."

"पीठ, तूप, साखर समसमान! पीठ कशाचं असतं?"

माझं डोकं फिरलंय की काय, अशा नजरेनं त्या बघत राहिल्या. "प्रसादाला कुणी पीठ म्हणतं का गं?"

त्या खोटं बोललेल्या नव्हत्या, आणि त्यामुळेच माझा राग गळून पडला. मी तिथेच पायरीवर बसून रडले. माझी आई मी बारा वर्षांची असताना गेली. ही दुसरी, कितीही खाष्ट असली तरी, मला गमवायची नव्हती. हे मी त्यांना तसंच सांगितलं. त्यांनी ओढणीनं माझे डोळे पुसले, पण म्हणाल्या, "गुरूच्या दारात प्रसादाला नाही म्हणणं या जन्मी मला जमायचं नाही."

आतून म्हातारे भाईजी, ग्रंथसाहिबाचा पाठ करणारे आमचे ग्रंथी, बाहेर आले होते. त्यांनी सगळं ऐकलं असावं. "नाही म्हणायला कोण सांगतंय? ओंजळ पुढे कर, माथ्याला लाव आणि शेजारणीच्या हातात दे. तुला मिळाला तो मिळालाच."

"शेजारीण कोण?" बीजींनी विचारलं. भाईजींनी माझ्याकडे पाहिलं.

झालं! गावात सगळ्यांत उशिरा उठणारी म्हणून माझी ख्याती, ती मी रोज पहाटे ओढणी सावरत बीजींच्या उजव्या हाताला बसू लागले. माझा प्रसाद मी खायची, मग त्यांचा. चार महिन्यांत माझे कुडते उसवावे लागले. पण खरं सांगते, माझा पुरता विश्वास नव्हता. तीस वर्षांची सवय ती. माझे डोळे मिटलेले असताना एखादी चिमूट जात असेल, असं मनात यायचंच.

मग एकदा मला ताप भरला. उठवेना. बीजी एकट्याच गेल्या आणि मी गोधडीत पडून जिवाला घोर लावून घेतला. आज शेजारी कुणी नाही, आज त्या नक्की खाणार.

तेवढ्यात फाटकावर लाथ बसली.

"रमनीक! अगं उघड, हात भरलेत माझे."

भिंतीला धरत जाऊन मी कडी काढली. बीजी ओंजळ तशीच छातीशी धरून उभ्या होत्या. तूप ओघळून कोपरापर्यंत आलं होतं. ओढणी डोक्यावरून घसरून खांद्यावर पडली होती आणि ती सावरायला हात मोकळा नव्हता. वडीलधाऱ्या पुरुषाच्या नुसत्या खोकल्यानं पदर पुढे ओढणारी ही बाई सबंध गल्लीतून उघड्या डोक्यानं चालत आली होती.

"बघतेस काय? आ कर. गार होतोय."

मी आधी त्यांची ओढणी डोक्यावर सारखी केली, मग तोंड उघडलं.