बैंगनी म्हणजे जांभळं

माझी पोस्टिंग बर्फातल्या वरच्या पोस्टवर निघाली होती. उंची इतकी की भात शिजत नाही. सुट्टी संपायला एक दिवस होता. मी आणि माझी बायको यमुना कळसाडीहून शहाद्याला आलो. मला छोटी टॉर्च हवी होती, बोटाएवढी, पार्काच्या, म्हणजे बर्फातल्या जाड कोटाच्या, खिशात मावेल अशी. सरकारी टॉर्च मिळते, पण ती मोठी आणि जड. हातमोजे घालून तिचं बटण दाबलं जात नाही.

एसटी स्टँडमागे एक टॉर्च दुरुस्त करणारा बसायचा. टॉर्चचं कवच एकच, आत एलईडी आपण सांगू तो बसवून द्यायचा. त्याच्याकडे दोन होते. एक पांढरा, निळसर झाक असलेला. तो पेटवला की समोरच्या बिल्डिंगची पाटी वाचता येई. दुसरा पिवळट, उजेडाला कमी. दुकानदार म्हणाला, "फौजी, हा सुरतहून येतो. कापडवाले साडीचा रंग बघायला वापरतात. रंग खरा दाखवतो. पण लांब जाणार नाही."

मी पांढरा उचलला. फौजी माणूस लांबचंच बघतो.

यमुना लग्नाआधी नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर मिरच्या निवडायची. मैदानभर मिरची वाळत घातलेली असते, त्यातली डागी बाजूला काढायची, हे तिचं काम. तिने बाजाराच्या पिशवीतून दोन सुक्या मिरच्या काढल्या. एक चांगली, एक आतून सडायला लागलेली. दुकानाच्या फळीखाली अंधारात धरल्या आणि दोन्ही एलईडी मारून बघितले.

"दखा. हाई पांढरी बॅटरी आंधळी शे. दोन्ही मिरच्या सारख्याच काळ्या दिखतस."

"मला काय तिथे मिरच्या निवडायच्या?"

"माणसं तर दखशात ना? जवळना माणूस नीट दिखाले जोयजे. हाई पिवळी ल्या."

दुकानदार हसला. म्हणाला, "वहिनी, तुम्ही दुकान सांभाळा, मी पथारीवर जातो."

मी पिवळी घेतली. तिचं ऐकलं म्हणून नाही. एसटी लागली होती, वाद घालायला वेळ नव्हता.

पोस्टवर आम्ही सहा जण. मी हवालदार, पोस्ट कमांडर. लान्स नायक रतन पावरा धडगावकडचा, सातपुड्यातला. घरी पावरी बोलायचा, माझ्याशी अहिराणी. बारावी पास होता, सिग्नलचं काम त्याच्याकडे. सिपाई हरपाल पंजाबचा, नवा. बाकी तिघे जुने. रोजचं काम ठरलेलं. पहाटे स्टँड टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चावर सज्ज, मग बर्फ काढणे, स्टोव्हवर पाणी वितळवणे, रेडिओ चेक, ड्युटी. यमुनाच्या मिरच्यांची गोष्ट मी रतनला सांगितली होती. माझी टॉर्च पेटली की तो म्हणायचा, "उस्तादनी चिमणी लागनी. आते भाकरी टाका."

मग वादळ आलं. तिसऱ्या दिवशी सकाळी बंकरचं तोंड आणि झरोका बर्फाने बुजले. बाहेर दिवस होता, आत काळोख. तिघे जुने फावडी घेऊन आतून बर्फ फोडायला लागले. रतन आणि हरपाल दोघेही उठले नाहीत. दोघांना खोकला, छातीत घरघर. आम्ही त्याला हापो म्हणतो. उंचीवर छातीत पाणी भरतं. इलाज दोनच, माणूस खाली नेणे किंवा ऑक्सिजन. खाली नेणं शक्य नव्हतं. ऑक्सिजनचा सिलिंडर एक होता. दुसरा आधीच रिकामा झालेला.

मी रेडिओ धरला. खाली बेसवर डॉक्टर साहेब होते.

"दो आदमी हापो. सिलिंडर एक. हेलिकॉप्टर भेजो. ओव्हर."

"मौसम बंद है. दोनों के होंठ देखो, नाखून देखो. जिसके बैंगनी हों, ऑक्सिजन उसको. ओव्हर."

सरकारी टॉर्च मारली, तिचा उजेड निळसर पांढरा. दोघेही निळे. माझा हात बघितला, तोही निळा. त्या उजेडात आम्ही सगळे मेलेलेच दिसत होतो. मग खिशातली छोटी काढली. आता फरक दिसला. हरपालचे ओठ पिकल्या जांभळासारखे. रतनचे फिके, हिरवट पांढरे, रंग उडालेले.

आता ऐका. आमच्या खानदेशात भरताचं वांगं हिरवट पांढरं असतं. मी चौथी शिकलेला. हिंदी फौजेत शिकलो, ती हुकमाची हिंदी. बैंगन म्हणजे वांगं एवढं मला माहीत. बैंगनी म्हणजे वांग्यासारखा, म्हणजे रतन. मी मास्क उचलला आणि रतनच्या तोंडाकडे नेला.

रतनने डोळे उघडले. रेडिओ त्यानेही ऐकला होता. त्याने माझं मनगट धरलं.

"भाऊ, कोणाले लावी ऱ्हायना?"

"तुले. साहेब बैंगनी म्हणतस."

तो हसला. हसताना त्याला खोकला आला, तोंडाला फेस आला.

"बैंगनी म्हंजे जांभळं. त्यासनाकडनं वांगं जांभळं ऱ्हास. आपलं भरीतनं नही. मास्क हरपालले लाव."

तो परत म्हणाला, "उस्ताद. लाव."

मी मास्क हरपालला लावला.

दुपारी रतनचे ओठही जांभळे झाले. बेसवरून हुकूम आला, रंग बघा आणि मास्क फिरवा. मी दोघांच्या मधे बसलो. एकाचा रंग परतला की मास्क दुसऱ्याला. पुन्हा टॉर्च, पुन्हा ओठ. रतनची पाळी आली की तो मान फिरवायचा. मी जबरदस्तीने लावायचो, शिव्या घालायचो. सिलिंडरचा काटा खाली येत होता. रेडिओवर एकच उत्तर, मौसम बंद. मी देवाला शिव्या दिल्या, बेसला दिल्या. संध्याकाळी काटा शून्याला टेकला.

रतनने विचारलं, "मन्हा व्हट कसा दिखतस?"

"लाल शेतस. मिरचीसारखा."

"वहिनीले इचार. ती डागी लगेच वळखस."

त्यानंतर तो बोलला नाही. सकाळी आभाळ मोकळं झालं, हेलिकॉप्टर आलं. हरपाल वाचला. रतन गेला होता.

रतनच्या गावी मी यमुनाला घेऊन गेलो. त्याच्या बापाला मी सगळं सांगितलं. मास्क आधी त्याच्याच तोंडाशी नेला होता, हेही सांगितलं. तो गप्प राहिला असता तर पहिला श्वास त्याचा होता. रतनचा भाऊ पावरीत सांगत गेला. म्हातारा ऐकत होता. शेवटी त्याने विचारलं, तो पंजाबचा पोरगा जिवंत आहे का.

"आहे."

"त्याला म्हणा, आमच्या होळीला ये. रतनच्या जागी नको. पाहुणा म्हणून ये."

यमुना तिथे रडली, मी नाही रडलो. आता तीही या जगात नाही. घरात तिचा आवाज नाही, टॉर्च मारली तरी बघायचं कोणाला. गावातली माणसं विचारतात, दादा, बॅटरी कोणती घ्यावी, कोणती लांब जाते. मी सांगतो, ज्यात माणसाचा रंग खरा दिसतो ती घ्या. खरा रंग बघवत नाही, तरी तीच घ्या.

त्या वर्षी हरपाल होळीला आला होता. रात्रभर लोक नाचले. रतन जिथे ढोल घेऊन उभा राहायचा, तिथे कोणी उभं राहिलं नाही. हरपालही नाही. तो त्या जागेच्या बाजूला सावधान उभा होता, होळी विझेपर्यंत.