उसनं नाक

आमच्या गल्लीच्या टोकाला बीअरचा एक लहानसा कारखाना आहे. चार टाक्या, एक बॉयलर, पुढच्या अंगाला नऊ टेबलांची बसायची खोली आणि तिच्यापुढे अंगण. माझ्या यजमानांनी तिथला बॉयलर सव्वीस वर्षं सांभाळला. ते गेल्यालाही आता अकरा वर्षं होतील. मी स्वतः बीअरला कधी ओठ लावलेला नाही, तरी दर शनिवारी मी त्या खोलीत असते. फळ्यावर लिहायला चांगलं अक्षर लागतं, आणि कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी पट्टीच्या धाकाने ते मला दिलेलं आहे.

सांगायचं आहे ते आमच्या भावोजींबद्दल. नात्याने ते कुणी नव्हेत. यजमानांचे धाकटे दोस्त, म्हणून मी त्यांना भावोजी म्हणते आणि ते मला वहिनी. चौतीस वर्षं त्या कारखान्यातली बीअर त्यांच्याच हातची. मोड आणून भाजलेले जव पोत्यांतून येतात. ते भरडायचे, गरम पाण्यात मुरवायचे, ते पाणी गाळून कडवट फुलांबरोबर उकळायचं, निववायचं, मग यीस्ट घालून टाकीत आंबायला ठेवायचं. एवढं कुणीही शिकेल. पण टाकीतला माल तयार झाला की अजून कच्चा आहे, हे ओळखायला नाक लागतं, आणि तसं नाक त्यांच्यासारखं दुसऱ्या कुणाचं नव्हतं. सगळी खोली त्यांना नाकोजी म्हणायची. कोपऱ्यातल्या टेबलावर बसणारे निवृत्त पोस्टमन तर म्हणत, "नाकोजी आत आले की मी आधी पाय टेबलाखाली घेतो. मोजे कालचेच असतात."

मार्चच्या चार तारखेला सकाळी सव्वासात वाजता भावोजी माझ्या दारात उभे. हातात पेला, त्यावर बशी झाकलेली.

"वहिनी, जरा याचा वास घेऊन सांगता?"

"भावोजी, सकाळी सव्वासातला? शेजारीपाजारी काय म्हणतील?"

"प्यायची नाही हो. नुसती हुंगायची."

मी हुंगलं आणि म्हटलं, "छान आहे."

"छान म्हणजे काय?"

आमच्या वर्गात कुणी निबंधात 'छान' लिहिलं की सिस्टर त्यावर लाल रेघ मारायच्या. तो शब्द नव्हे, आळस आहे, असं त्यांचं म्हणणं. मी पुन्हा वाकले, या खेपेला डोळे मिटून. "वाळलेलं गवत. संत्र्याची साल. आणि मागून पावाची भाजलेली कड."

भावोजींचे खांदे एकदम खाली आले. "बरोबर," ते म्हणाले. "तसाच असायला हवा." आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. फेब्रुवारीत आठ दिवस ताप आला होता. ताप गेला तो जाताना वास घेऊन गेला. चहा म्हणजे गरम पाणी, साबण म्हणजे गुळगुळीत दगड.

"घरी सांगितलंत?"

"नाही. भाजी करपली तरी मुकाट्याने जेवतो. ही म्हणते, म्हातारपणी सुधारलात."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"कदाचित परत येईल, कदाचित येणार नाही. एवढं तर मीही सांगितलं असतं."

"मग मालकीणबाईंना तरी सांगा."

त्यांनी पेल्यावरची बशी फिरवली. "वास न येणाऱ्याच्या हाती टाक्या कोण ठेवेल? आणि टाक्या गेल्या तर मी करू काय? मला दुसरं काही येत नाही, वहिनी. मला धड खिळा ठोकता येत नाही. विचारा तुमच्या—" ते थांबले, आणि आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघू लागलो.

ही लबाडी आहे, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. "आहे," ते म्हणाले, "पण हा उन्हाळा तरी निघू दे." आणि मी हो म्हटलं. का म्हटलं ते मला आजही नीट लिहिता येत नाही. एवढंच, की शेवटची तीन वर्षं बॉयलरची शिडी चढताना यजमानांच्या चेहऱ्यावर जो थकवा असायचा, तोच त्यांच्या चेहऱ्यावर होता.

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा पेला येऊ लागला. कोणता वास चांगला आणि कोणता वाईट, हे त्यांनी मला शिकवलं. पाव, बिस्किट, मध, गवत हे चांगले. व्हिनेगर, भिजलेला पुठ्ठा, सडकं अंडं हे वाईट. मी वहीत दोन रकाने आखले. कारखान्यात कुणाला काही कळलं नाही. भावोजी टाकीच्या नळाशी पूर्वीसारखेच वाकायचे, दोन क्षण डोळे मिटायचे, मान हलवायचे. नाटक इतकं हुबेहूब, की मलाच कधी कधी वाटे, आलं की काय यांचं नाक परत.

मग उन्हाळा लागला आणि उन्हाळ्याबरोबर मालकीणबाईंचे सहा शनिवार. मालकीणबाई म्हणजे जुन्या मालकांची मुलगी, वय पस्तीस, पायाला भिंगरी. वडील गेल्यावर कारखाना बंद पडेल असं सगळे म्हणत होते. त्यांनी तो नुसता चालवला नाही, सगळ्या गल्लीला तिथे आणून बसवलं. पहिल्या शनिवारी प्रश्नमंजूषा. दुसऱ्या शनिवारी कुत्र्यांची स्पर्धा, तिच्यात परीक्षकांच्याच कुत्र्याला पहिला नंबर मिळाला आणि दोन कुटुंबांचं बोलणं बंद झालं. तिसऱ्या शनिवारी गाणी. चौथ्याला भोपळ्यांचं वजन. लोक येत, मुलं अंगणात पळत, म्हातारे सावलीतल्या खुर्च्या धरून बसत. बीअर दुप्पट जाऊ लागली. टाक्या मात्र चारच. चौदा दिवस मागणारा माल बाराव्या दिवशीच लागू लागला. कुणालाच श्वास घ्यायला फुरसत नव्हती. भावोजींना कठडा धरून जिना उतरताना मी पाहिलं. टाक्या धुणारी आणि माल एका टाकीतून दुसरीत घेणारी बाई, जिला सगळे टाकीवाली म्हणत, पाईपाच्या वेटोळ्यावर बसल्या बसल्या पेंगत होती. चाळिशीची, रुंद खांद्यांची बाई. नऊ वर्षं तिथे होती, पण दिवसभरात दहा वाक्यं बोलली तर खूप.

सहाव्या शनिवारच्या मालाचा पेला बुधवारी आला. उकाड्याने दोन रात्री माझा डोळा लागला नव्हता, गुडघे ठणकत होते, आणि चाळीस प्रशस्तिपत्रांपैकी बावीस अजून लिहायची होती. मी पेन हातात धरूनच वाकले. ऊबदार, गोडसर वास, बिस्किटांचा डबा उघडल्यासारखा.

"छान आहे," मी म्हटलं. "बिस्किट."

"नक्की?"

"नक्की हो, भावोजी."

ते लगेच उठले. "मग आजच यीस्टवरून काढून गार करायला घेतो."

संध्याकाळी रोजनिशी लिहिताना तो वास पुन्हा आठवला, आणि मी लिहिलं: 'लोणी लावून भाजलेला पाव'. बिस्किटापेक्षा ते जास्त अचूक होतं, म्हणून मला उलट बरंच वाटलं. वही मिटली. लोणी माझ्या दोन्ही रकान्यांत नव्हतं. भावोजींच्या हातून कित्येक वर्षांत तसा माल निघालाच नव्हता, मग ते मला शिकवायचं त्यांना आठवावं कसं? आणि लोण्यासारख्या चांगल्या वस्तूत काही वाईट असेल हे माझ्या डोक्यात यावं कुठून?

शनिवारी तीन वाजता अंगण भरलं. मुलांच्या पोत्यांच्या शर्यतीसाठी जवाची रिकामी पोती काढली होती. मी आत फळ्यावर नावं लिहीत होते. पहिले पेले भरले गेले, आणि पोस्टमननी एक घोट घेऊन पेला उन्हात धरला.

"नाकोजी, बीअर प्यायला बोलावलंत की लोणी लावायला?"

"आणू का पाव बुडवायला?" शेजारच्या टेबलावरच्या शिंपीणबाई म्हणाल्या. "कालचा आहे माझ्याकडे."

सगळे हसले. भावोजीही हसले. त्यांनी एक पेला उचलला, सवयीने नाकाशी नेला, डोळे मिटले आणि मान हलवली. "काही नाही हो. उन्हाने तुमच्याच जिभा वितळल्यात."

माझ्या हातातला खडू तिथेच थांबला. मालकीणबाई काउंटरपलीकडे होत्या. त्यांनी तोच पेला घेतला आणि हुंगला. चेहरा उतरला.

"काका, हा कच्चा आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या, पण खोली लहान होती. "यीस्टवरून दोन दिवस आधी काढलाय. लोण्याचा वास म्हणजे तेच ना? तुम्हीच शिकवलंत मला, मी बारा वर्षांची असताना."

भावोजींनी पेला परत हातात घेतला. 

"टाकीतून माल कुणी काढला?"

"मी," टाकीवाली दारातून म्हणाली.

"कुणाला विचारून?"

तिने भावोजींकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "चुकलं, बाई."

"चुकलं? नऊ वर्षं काढलीस इथे! बाहेर शंभर माणसं बसलीत आणि मी त्यांना हे देऊ?" मालकीणबाईंचा आवाज चढला. सहा आठवडे त्यांनाही झोप नव्हती. "सोमवारपासून टाक्यांना हात लावायचा नाही तू."

"थांब, पोरी," भावोजी म्हणाले.

त्यांनी पेला काउंटरवर ठेवला. "तिचं काही चुकलेलं नाही. ती म्हणाली होती, काका, दोन दिवस राहू द्या, वास वेगळा येतोय. मी तिला म्हटलं, नाक माझं की तुझं? आणि मला तर वासच येत नाही. फेब्रुवारीपासून येत नाही."

बाहेर मुलं ओरडत होती, कुणीतरी पोत्यासकट पडलं होतं.  आत पोस्टमनना राहवलं नाही.

"म्हणजे मार्चपासून आम्ही पितोय ती कुणाच्या नाकाने?"

"माझ्या," मी फळ्याजवळून म्हटलं.

"तुमच्या? अहो, तुम्ही तर सोडा पिता!"

खोलीत जे हसू फुटलं त्यात मी माझं बोलणं पुरं केलं: पेला मी हुंगला होता, घाईत बिस्किट म्हटलं होतं, लोण्याचं सांगितलं नव्हतं. किती जणांना ऐकू गेलं कोण जाणे. मालकीणबाई हसल्या नाहीत. त्या रिकाम्या क्रेटवर बसल्या.

"काका, मला सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर टाक्या काढून घेतल्या असत्यास."

"हो," त्या म्हणाल्या. "घेतल्या असत्या. आणि आता घेतेच आहे."

भावोजींनी मान हलवली. वाद घातला नाही. मला वाटतं, त्यांच्यात वाद घालायचं बळच उरलं नव्हतं.

मालकीणबाई उठल्या. "हा माल बंद कर," त्यांनी टाकीवालीला सांगितलं. "मागच्या आठवड्याची चार पिंपं आहेत ती लाव. संपली की लोक सरबत पितील, कुणी मरत नाही. आणि तिसऱ्या टाकीतला माल कधी काढायचा ते तूच ठरव."

"मी?"

"वास तुला आला ना? मग तूच."

टाकीवालीने ओले हात ॲप्रनला पुसले. "मग मंगळवारच्या आत नाही," ती म्हणाली, आणि पिंपं आणायला गेली.

भावोजी मात्र तिथेच उभे. चौतीस वर्षं ते त्या काउंटरच्या आतल्या बाजूला उभे राहिले होते. आता आत काही काम नव्हतं, आणि बाहेर कुठे उभं राहायचं ते त्यांना माहीत नव्हतं. शिंपीणबाईंनी पायाने एक खुर्ची त्यांच्याकडे ढकलली.

"बसा हो. उभं राहून का कुठे काही बदलणार आहे?"

ते बसले.

"काय घेणार?" पोस्टमननी विचारलं.

"काहीही. गार असलं म्हणजे झालं."

पोस्टमननी स्वतः उठून एक पेला आणून ठेवला. भावोजींनी निम्मा प्यायला, ओठ पुसले, माझ्याकडे वळून म्हणाले, "फार दमलो हो, वहिनी." "मीसुद्धा," मी म्हटलं. मग मी शर्यतीची नावं पुरी करायला फळ्याकडे गेले. परत पाहिलं तर त्यांची मान छातीवर टेकली होती. कुणी उठवलं नाही. मालकीणबाईंनी निकाल सांगायला माईक हातात घेतला, खोलीत एकदा डोकावल्या, माईक बंद केला आणि अंगणात जाऊन तोंडीच नावं ओरडल्या.

सहाला दहा मिनिटं कमी असताना ते जागे झाले. नळ बंद झाले होते, लोक पांगत होते. पाईप धुवायची वेळ. सवयीने ते खुर्चीतून अर्धे उठले. टाकीवाली पाईपाचं वेटोळं खांद्यावर टाकून त्यांच्यासमोरून आत गेली. ते तिच्याकडे बघत राहिले, आणि पुन्हा खाली बसले.