चिता आधी, वरात नंतर

काल दूरचित्रवाणीवर तो जुना चित्रपट लागला आणि मी संतापून उठलो. नायकाचे लग्न आधी आणि मरण नंतर! साकोलीच्या टुरिंग टॉकीजमध्ये आम्ही पाहिला, तेव्हा चिता आधी पेटली होती आणि वरात नंतर निघाली होती. तिथे रिळांचा क्रमच चुकला होता, हे इतक्या वर्षांनी मला कळले.

क्षणात तो तंबू डोळ्यांपुढे उभा राहिला. बसायला अंथरलेली भाताची तणस, बिडीचा धूर आणि शेजारी माझा मित्र, करडी गावचा नामदेव. मला चित्रपट भारी वाटला, त्याला नाही; बाहेर पडताच आम्ही भर रस्त्यात भांडलो होतो.

"या डायरेक्टरचा पहिलाच पिच्चर भारी होता गा," नामदेव म्हणाला. "अन् संगीतवाला तं आजकाल झोपूनच चाली लावून राहिला."

मी उलटतपासणी घेतली. "मेलेला नवरदेव घोड्यावरून येतो आणि सनई सुरू होते, तेव्हा तुला काय झाले? खरे सांग!"

"रडू आलं ना गा मले," तो म्हणाला. "जाय, हाच पिच्चर भारी. जितला तू!"

आनंदाने मी त्याला तिथेच मिठी मारली होती.

काल ताबडतोब नामदेवला फोन लावून सारा प्रकार सांगितला. तो खदखदून हसला. "मंग आता निकाल फिरव, वकीलसाहेब!"

आयुष्यभर नियमभंगाविरुद्ध कार्यालयांना खरमरीत पत्रे धाडणारा मी ताडकन म्हणालो, "क्रम चुकला, हे मान्य. पण तू रडला होतास, नामदेव. निकाल कायम!"