सीटच्या मागचं

सुमन गेली त्याच्या आदल्या दुपारी मी तिच्या खाटेपाशी बसलो होतो. हॉस्पिटलच्या खिडकीतून पार्किंगमधले बर्फाचे ढीग दिसत होते, धुरानं काळे पडलेले. ती डोळे मिटून होती, मला वाटलं झोप लागली. तेवढ्यात म्हणाली, "अहो... गाडी काढाल तेव्हा सीटच्या मागचं आधी काढा. मग चालू करा." मी विचारलं, "सीटच्या मागं काय आहे?" तिनं नुसता हात हलवला, म्हणजे नंतर सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचं आधण ठेवलं होतं, तर वर्षाचा, आमच्या मुलीचा, हॉस्पिटलमधून फोन आला. घंटा वाजली तेव्हाच कळलं.

माणसं भेटायला आली. सवाष्ण गेली, नशीबवान म्हणायची, असं दोघीतिघी म्हणून गेल्या. मला त्यात कसलं नशीब ते कळलं नाही. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, सीटच्या मागं हिनं काय ठेवलंय आणि मला का सांगितलं नाही. मी स्वभावानंच संशयी. शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं गाडीवर शिकलो, आणि गाडीवर पहिलं शिकतो ते हेच की कोणावर विश्वास टाकायचा नाही. डेव्हन रस्त्यावरच्या देशी दुकानात नारळ घेताना मी एकेक कानाशी हलवून बघायचो, परत ठेवायचो. सुमन म्हणायची, "तुमचं चाललं तर नारळालासुद्धा शपथ घ्यायला लावाल."

आमची गाडी म्हणजे डिझेलचा ट्रक, मागं हौदा उचलणारा. मेव्हण्यानं मला इकडं अमेरिकेत आणलं तेव्हा त्याच्या ओळखीनं बागकामवाल्यांकडं माती, खडी, झाडं वाहायला लागलो. पुढं स्वतःची गाडी केली. थंडी पडली की ते काम बंद. रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं गाडीचं पोट गंजतं. कामाच्या दिवसांत ती बागकामवाल्यांच्या आवारात असते, पण थंडीत तेही बंद, आणि इथं घरापुढं ट्रक उभा केला की शेजारी लगेच तक्रार करतात. म्हणून दर हिवाळ्यात शिकागोच्या बाहेर तासाभरावर वॉल्टर नावाच्या शेतकऱ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी ठेवायचो. दसऱ्याच्या आसपास ठेवायची आणि बर्फ वितळला की काढायची.

डिझेलची गाडी नुसती कुलूप लावून सोडता येत नाही. टाकी काठोकाठ भरायची, रिकामी राहिली तर आत पाणी धरतं. थंडीत डिझेल साजूक तुपासारखं थिजतं, म्हणून त्यात औषध घालायचं. बॅटऱ्या काढून घरी तळघरात आणायच्या, टायरखाली फळ्या सरकवायच्या, धुराड्याच्या तोंडात तारेची घासणी कोंबायची म्हणजे उंदीर शिरत नाहीत. आणि केबिनमध्ये डांबराच्या गोळ्या टाकायच्या. हे मी सगळं हातानं करायचो. वॉल्टरला हात लावू देत नव्हतो.

तरी दर वर्षी उंदीर व्हायचे. बॉनेट उघडलं की वायरी कुरतडलेल्या, हवेच्या फिल्टरमध्ये लेंड्या. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे डांबराच्या गोळ्या गायब. एक गोळी दिसायची नाही. डांबराच्या गोळ्या चोरणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो. मी सुमनला म्हणायचो, हा वॉल्टर माझ्या माघारी गाडी उघडतो, धान्य साठवतो, काहीतरी करतो. ती म्हणायची, "जाऊ द्या हो, शेत आहे, उंदीर असणारच." एवढं बोलून थांबायची नाही. गाडी ठेवताना आणि काढताना त्याच वॉल्टरला लाडवाचा नाहीतर चकलीचा डबा भरून द्यायची. मला ते खटकायचं. म्हटलं, "ज्याच्या शेडमध्ये आपल्या वायरी जातात त्याला डबा?" तर म्हणायची, "असू दे." या "असू दे"चा मला फार राग यायचा. त्यात काहीतरी होतं आणि ते माझ्या हाती लागत नव्हतं.

गेल्या दसऱ्यालाही ती आली. आजार कळला होता, वर्षा नको म्हणत होती, तरी आली. मी ट्रक चालवत होतो, वर्षा मागून कार घेऊन. सुमनच्या मांडीवर दरवेळची कापडी पिशवी. "काय आहे त्यात?" "डबा आहे." शेडमध्ये मी धुराड्याशी वाकलो होतो आणि ती दरवेळेसारखी केबिन पुसायला चढली. चढायला तिला वेळ लागला, उतरायला त्याहून. मी खालून ओरडलो, "काय करतेस एवढा वेळ?" आतून आवाज आला, "येते..." उतरली तेव्हा पिशवी रिकामी होती. मी पाहिलं, पण दम लागलेल्या बाईला काय विचारायचं.

तर ती गेल्यावर हे सगळं मी जुळवायला लागलो. कपाटात तिच्या आईच्या पाटल्या दिसेनात. मग कळलं त्या तिनं आधीच वर्षाच्या हातात दिल्या होत्या. एक संशय फिटला की दुसरा. जावई म्हणाला, "बाबा, ट्रक आता विकूया, मी बघतो सगळं," तर मला वाटलं यालाही माहीत आहे. वॉल्टरला ती आधी भेटली होती का, त्याला काही सांगून ठेवलंय का... शेताकडचा रस्ता बर्फानं बंद, जाता येत नव्हतं. घरात बसून मी एकच गोष्ट चघळत होतो. पाटल्यांचं नाही मला काही. पण जन्मभर एका ताटात जेवलेली बाई माझ्यापासून काही लपवते, तर मग मी तिला ओळखत होतो की नव्हतो? याचं उत्तर ती देऊ शकत नव्हती. ते सीटच्या मागंच होतं.

बर्फ वितळला तसं वर्षाला सोबत घेतलं नाही. बॅटऱ्या कारमध्ये टाकल्या आणि एकटाच गेलो. शेडपुढं चिखलात टायरच्या ताज्या खुणा. झालं, मी म्हटलं. वॉल्टर आला, टोपी काढली, सुमनचं वाईट वाटलं म्हणाला. वर्षानं त्याला कळवलं होतं. मी सरळ विचारलं, "माझ्या गाडीत तू शिरला होतास का?" तो म्हणाला, "मी कशाला शिरू? मी शेडभर उंदराचं विष टाकतो. तुझ्या गाडीपाशी तेवढं टाकत नाही. तुझ्या बायकोनं पहिल्याच वर्षी बजावलं होतं, इथं विष नको. का, ते तू तिला विचारायला हवं होतंस." आणि ट्रॅक्टरकडं निघून गेला. खुणा त्या ट्रॅक्टरच्याच होत्या.

मी केबिनमध्ये चढलो. सीट पुढं ओढली. मागं एक स्टीलची ताटली, तिच्यात नारळाची करवंटी, थंडीनं तडकलेली, आतून कोरून खाल्लेली. शेजारी हळकुंड, सुपारी. तांदळाचा एक दाणा शिल्लक नव्हता, नुसता भुगा आणि लेंड्या. आणि कोपऱ्यात उंदराचं घरटं. हिरवं, काठाला लाल. खणाच्या चिंध्यांचं.

ओटी होती ती.

लेक माहेराहून निघाली की तिची ओटी भरतात, तांदूळ, खण, नारळ, हळकुंड, सुपारी. आमची गाडी हिवाळाभर परक्याच्या दारात राहायला जायची, तर ही बाई दर वर्षी तिची ओटी भरत होती. मला सांगितलं नाही, कारण इकडं स्वतःची गाडी घेतली त्या वर्षी तिनं गाडीला लिंबू-मिरची बांधली तेव्हा ट्रकच्या वजनकाट्यावरचे लोक हसले, आणि मी तिला दटावलं होतं की माझ्या गाडीत परत असलं काही दिसता कामा नये. तिनं दिसू दिलं नाही. ओटीशेजारी डांबराचा वास नको म्हणून गोळ्या उचलून न्यायची. वसंतात मी बॅटऱ्या लावत असायचो तेव्हा आतलं झाडून घेते म्हणत उष्टं-खरकटं पिशवीत भरायची. तांदळासाठी उंदीर यायचे, वायरी खायचे, शिव्या वॉल्टर खायचा आणि लाडूही वॉल्टरच खायचा... मी केबिनमध्ये बसून हसलो. नंतर बराच वेळ हसू येत नव्हतं.

ताटली बाहेर काढली. घरट्याला हात घातला तर आत काहीतरी हललं. गुलाबी पिल्लं, डोळेसुद्धा न उघडलेली, तिच्या खणात गुंडाळलेली. आधी काढा मग चालू करा, असं ती का म्हणाली ते तेव्हा कळलं. दर वसंतात तिनं यांना कुठं नेऊन ठेवलं, कोण जाणे. मला ते जमणारं नव्हतं. सीट होती तशी मागं सरकवली, खाली उतरलो, बॅटऱ्या परत कारमध्ये ठेवल्या. वॉल्टरला जाऊन सांगितलं, विष नको. तो म्हणाला, "माहीत आहे."

ट्रक अजून शेडमध्येच आहे. काम सुरू झालंय, बागकामवाले फोन करतात, मी उद्या-परवा म्हणतो. आठवड्यातून एकदा तिकडं जाऊन येतो. काल निघताना डब्यातले मूठभर तांदूळ खिशात टाकत होतो, तर वर्षानं पाहिलं. "बाबा, हे काय? आणि ट्रक चालू झाला का?" म्हटलं, "नाही अजून." तिनं माझ्या खिशाकडं पाहिलं. मी काहीतरी लपवतोय असा तिला संशय आलाय.

असू दे.